मंडी मोहल्ला ते बेंगळुरू: दिवाणी अपिलाच्या वाटेचा आढावा

मैसूरच्या राजवाड्याच्या उत्तरेला, अशोक रोड आणि सयाजीराव रोडच्या परिसरात मंडी मोहल्ला आहे. हा जुन्या शहराचा व्यापारी भाग. खाली दुकान आणि वर घर, एका छताखाली भावंडांचे हिस्से, जुने भाडेकरू, विश्वासावर चाललेली उधारी, अशी ही वस्ती. अशा वस्तीतून उठणारे दिवाणी वादही ठरावीक असतात: वाटणी, ताबा, भाडे, पैशाची वसुली, सामाईक भिंत, जाण्यायेण्याचा रस्ता. दाव्याचा निकाल लागला की हरलेला पक्ष विचारतो, ‘अपील करता येईल का, किती दिवसांत, कुठे?’ जिंकलेला विचारतो, ‘समोरच्याने अपील केले तर हातात आलेल्या निकालाचे काय?’

हे प्रश्न मैसूरचे तसेच कोल्हापूरचे, बेळगावचे आणि नागपूरचेही आहेत, कारण दिवाणी प्रक्रिया संहिता सगळीकडे एकच आहे. तरीही न्यायालयांची उतरंड प्रत्येक राज्यात थोडी वेगळी आहे आणि संहितेतल्या अनेक कलमांवर न्यायाधीश, विधी आयोग आणि वकीलवर्ग यांच्यात खरे मतभेद आहेत. अपिलाची वाट आज कशी आहे, तिच्यावर कोणते वाद आहेत आणि काय अनिर्णित आहे, याचा हा आढावा.

पार्श्वभूमी

ब्रिटिश हिंदुस्थानात पहिली दिवाणी प्रक्रिया संहिता १८५९ साली आली. १८७७ आणि १८८२ च्या संहितांनंतर १९०८ ची संहिता झाली आणि तीच आज चालू आहे. मुंबई इलाख्यातला मोठा दावा जिल्हा न्यायालयातून मुंबई उच्च न्यायालयात आणि तिथून लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत जाऊ शके. मैसूर संस्थानाचा इतिहास वेगळा. १८८१ मध्ये कारभार पुन्हा वोडेयर घराण्याकडे आला, १८८४ मध्ये चीफ कोर्ट स्थापन झाले आणि १९३० मध्ये त्याला हायकोर्टाचा दर्जा मिळाला. १९४९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलचा अधिकार संपला आणि १९५० पासून सर्वोच्च न्यायालय हे अखेरचे ठिकाण ठरले.

१ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत बेळगाव, धारवाड, विजापूर आणि कारवार हे मुंबई राज्याचे जिल्हे मैसूर राज्यात आले. एका राज्यात वेगवेगळ्या न्यायपरंपरा नांदू लागल्या. १९६४ च्या दिवाणी न्यायालय कायद्याने त्या एका चौकटीत आणल्या.

अपिलाच्या हक्कावर दोन सुधारणांचा परिणाम सर्वांत खोल झाला. १९७६ च्या दुरुस्तीने दुसरे अपील ‘महत्त्वाच्या कायदेशीर प्रश्ना’पुरते मर्यादित केले. १९९९ आणि २००२ च्या दुरुस्त्यांनी उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशाच्या निकालावर त्याच न्यायालयात होणारी अपिले रोखली आणि लहान रकमांच्या वादांना दुसऱ्या अपिलातून वगळले. दोन्ही वेळी हेतू सांगितला गेला तो निकालाला लवकर शेवट देण्याचा. या हेतूपायी चूक दुरुस्त होण्याची संधी किती आकसावी, हाच पुढच्या सगळ्या वादांचा गाभा आहे.

वाट कशी आहे

समजा, मंडी मोहल्ल्यातल्या एका दुकानाच्या वाटणीचा दावा मैसूरच्या न्यायालयात चालला आणि हुकूमनामा झाला. संहितेच्या कलम ९६ प्रमाणे पहिले अपील हा पक्षकाराचा हक्क आहे, त्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. कर्नाटकात सिव्हिल जजांच्या हुकूमनाम्यावरचे पहिले अपील सहसा सीनियर सिव्हिल जजांपुढे चालते. सीनियर सिव्हिल जजांच्या हुकूमनाम्यावरचे अपील कायद्यात ठरलेल्या नियमाप्रमाणे जिल्हा न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात जाते. महाराष्ट्रात कनिष्ठ स्तराच्या न्यायालयाचे अपील जिल्हा न्यायालयात जाते, एवढा फरक. उच्च न्यायालयातल्या पहिल्या अपिलाला बेंगळुरूत आरएफए म्हणतात, दुसऱ्याला आरएसए आणि काही आदेशांविरुद्धच्या किरकोळ अपिलांना एमएफए.

काही निकालांना अपीलच नसते. दोन्ही पक्षांच्या संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर अपील होत नाही. लोकअदालतीचा निवाडा अंतिम असतो, त्यावरही अपील नाही. लघुवाद न्यायालयाने चालवावेत अशा स्वरूपाच्या आणि १०,००० रुपयांपर्यंतच्या दाव्यात फक्त कायद्याच्या प्रश्नावर अपील चालते. दाव्याच्या ओघात निघालेल्या प्रत्येक आदेशावर अपील होत नाही. कलम १०४ आणि आदेश ४३ मध्ये जे मोजके आदेश दिले आहेत, उदाहरणार्थ तात्पुरता मनाई हुकूम देणे किंवा नाकारणे, त्यांच्यावरच ते होते.

एकतर्फी हुकूमनामा झाला असेल तर दोन रस्ते आहेत. ज्या न्यायालयाने तो दिला तिथेच तो रद्द करण्याचा अर्ज करता येतो, किंवा कलम ९६(२) प्रमाणे अपील करता येते. अपिलाचा निकाल गुणदोषांवर लागून गेला की मात्र अर्जाचा रस्ता बंद होतो, म्हणून क्रम आधीच ठरवावा लागतो.

व्यापारी वादांसाठी २०१५ चा वाणिज्य न्यायालय कायदा आहे. २०१८ नंतर ३ लाख रुपये आणि त्यावरच्या मूल्याचे व्यापारी वाद त्याखाली येतात. तिथे अपिलाची मुदत ६० दिवसांची आहे आणि अपील सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा, असे कायदाच सांगतो. मंडीतल्या घाऊक व्यापाऱ्याच्या मालाच्या पैशाचा वाद या वाटेने जातो आणि त्याच गल्लीतला घराच्या वाटणीचा वाद जुन्या वाटेने.

मुदत आणि विलंबमाफी

मुदत कायदा १९६३ चा आहे. जिल्हा किंवा इतर दिवाणी न्यायालयातल्या अपिलाला ३० दिवस आणि उच्च न्यायालयातल्या अपिलाला ९० दिवस. निकालाची प्रमाणित नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस त्यातून वजा होतात, म्हणून निकालाच्या दिवशीच नकलेचा अर्ज करण्याची वकिलांची रीत आहे. मुदत टळली तर कलम ५ खाली विलंबमाफीचा अर्ज अपिलाबरोबरच द्यावा लागतो आणि त्यात पुरेसे कारण दाखवावे लागते.

‘पुरेसे कारण’ किती उदारपणे वाचावे, यावर दोन प्रवाह आहेत. पहिल्याचा आधार १९८७ चा अनंतनागच्या भूसंपादनाचा निकाल. सरकारचा विलंब तिथे फक्त चार दिवसांचा होता. सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की उशिरा येण्यात पक्षकाराचा फायदा नसतो आणि तांत्रिक कारणाने न्याय नाकारण्यापेक्षा गुणदोषांवर निकाल द्यावा. ज्यांना नक्कल, पैसा आणि वकील वेळेवर मिळत नाही त्यांच्या बाजूने हे धोरण उभे राहते, असे त्याचे समर्थक म्हणतात.

दुसरा प्रवाह २०१२ च्या पोस्टमास्टर जनरल विरुद्ध लिव्हिंग मीडिया या निकालापासून ठळक झाला. तिथे ४२७ दिवसांचा विलंब होता. ‘फाइल टेबलावरून टेबलावर फिरत होती’ हे सरकारी कारण चालणार नाही आणि मुदतीचा कायदा सरकारलाही तितकाच लागू आहे, असे न्यायालयाने ठरवले. या प्रवाहाचा अलीकडचा दाखला कर्नाटकातलाच आहे. कर्नाटक हाउसिंग बोर्डाच्या दुसऱ्या अपिलातला ३,९६६ दिवसांचा, म्हणजे सुमारे अकरा वर्षांचा विलंब उच्च न्यायालयाने माफ केला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. निकाल जिंकलेल्या माणसालाही निश्चिंतीचा हक्क आहे, हा या बाजूचा मुख्य मुद्दा.

दोन्ही प्रवाह आजही कायदा म्हणून उभे आहेत. किती दिवसांनंतर उदारपणा संपतो, याची रेषा कुठल्याच निकालाने आखलेली नाही. न्यायालये दिवसांच्या संख्येपेक्षा कारणाचा खरेपणा पाहतात, असे सूत्र सांगितले जाते. त्यामुळे एकसारख्या दोन प्रकरणांत वेगवेगळे आदेश निघण्याची शक्यता राहते.

अपील केले म्हणजे स्थगिती मिळाली का?

नाही. या विषयातला सर्वांत रुजलेला गैरसमज हाच आहे. आदेश ४१ नियम ५ स्पष्ट सांगतो की केवळ अपील दाखल झाल्याने हुकूमनाम्याची अंमलबजावणी थांबत नाही. स्थगिती स्वतंत्र मागावी लागते. त्यासाठी मोठे नुकसान होईल हे दाखवावे लागते, विनाकारण उशीर केलेला नसावा लागतो आणि तारण द्यावे लागते. पैशाच्या हुकूमनाम्यात रक्कम भरण्याची किंवा जामीन देण्याची अट न्यायालय घालू शकते. स्थगिती नसेल तर जिंकलेला पक्ष अंमलबजावणीची दरखास्त दाखल करून ताबा किंवा पैसे मागू शकतो.

भाडेकरूच्या वादात हा प्रश्न सर्वांत तीव्र होतो. ताबा देण्याचा हुकूमनामा झाला आणि अपिलात स्थगिती मिळाली, तर भाडेकरू जुन्याच भाड्यात वर्षानुवर्षे बसू शकतो. यावर २००४ च्या आत्माराम प्रॉपर्टीज निकालाने उत्तर दिले: हुकूमनाम्यानंतर ताबा ठेवायचा असेल तर बाजारभावाला धरून रक्कम भरण्याची अट घालता येते. महाराष्ट्र शासन विरुद्ध सुपर मॅक्स या २००९ च्या प्रकरणात तीन न्यायाधीशांच्या पीठाने हीच दिशा कायम केली. घरमालकांच्या मते यामुळे अपील हे वेळकाढूपणाचे साधन राहत नाही. उलट बाजू विचारते की लहान दुकानदाराला बाजारभावाची रक्कम झेपली नाही तर त्याचा अपिलाचा हक्क कागदावरच उरत नाही का? रक्कम ठरवताना खालच्या न्यायालयांनी कोणता पुरावा पाहावा, याची एकसारखी पद्धत अजून बसलेली नाही.

स्थगिती किती काळ टिकावी, हाही वाद झाला. २०१८ च्या एशियन रिसर्फेसिंग निकालाने म्हटले होते की खालच्या न्यायालयातल्या कामकाजाला दिलेली स्थगिती मुदतवाढ नसेल तर सहा महिन्यांनी आपोआप संपेल. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने हे मत बाजूला सारले. स्थगिती आपोआप संपवणे पक्षकारावर अन्याय करणारे आहे, कारण सुनावणी न होण्यात त्याचा दोष नसतो, असे पीठाचे म्हणणे. आपोआपचा उपाय गेला, पण लांबलेल्या स्थगितीला दुसरा उपाय सापडलेला नाही.

पहिले अपील: वस्तुस्थिती तपासण्याची शेवटची जागा

पहिल्या अपिलात न्यायालय पुरावा नव्याने तपासू शकते. साक्षी, दस्तऐवज, हिशेब, नकाशा, सर्व काही. आदेश ४१ नियम ३१ प्रमाणे निर्णयासाठीचे मुद्दे, प्रत्येकावरचा निष्कर्ष आणि त्याची कारणे निकालात असावी लागतात. २००१ च्या संतोष हजारी निकालाने या कर्तव्याची सविस्तर मांडणी केली. अपिलाचा निकाल विचारपूर्वक दिला आहे हे त्यातून दिसले पाहिजे, आणि खालचा निकाल फिरवायचा असेल तर खालच्या न्यायाधीशाच्या कारणांना भिडले पाहिजे, असे तीन न्यायाधीशांच्या पीठाने सांगितले.

प्रत्यक्षात उत्तरवादी पक्षाचे दोन प्रश्न असतात. हुकूमनाम्याचा जो भाग आपल्या विरुद्ध गेला त्याचे काय? त्यासाठी नोटीस मिळाल्यापासून एक महिन्यात उलट-आक्षेप दाखल करता येतो. आणि दुसरा: समोरचा आता नवा कागद आणू शकेल का? आदेश ४१ नियम २७ तीनच परिस्थितींत परवानगी देतो: खालच्या न्यायालयाने पुरावा चुकीने नाकारला असेल, योग्य काळजी घेऊनही तो आधी मिळाला नसेल, किंवा निकाल देण्यासाठी अपील न्यायालयालाच तो हवा असेल. वकिलाने विसरलेला कागद या तिन्हींत बसत नाही.

जुन्या घरांच्या वादात ही अट टोचते. पेटीच्या तळाशी पणजोबांचा खरेदीचा कागद दावा हरल्यानंतर सापडतो. मराठी घरांत तो मोडी लिपीत असला तर वाचणारा शोधावा लागतो. उदार वाचनाचे समर्थक म्हणतात की सत्य महत्त्वाचे. कडक वाचनाचे समर्थक विचारतात की प्रत्येक हरलेला पक्ष नवा कागद घेऊन आला तर दाव्याला शेवट कधी? न्यायालये बहुधा दुसऱ्या बाजूला झुकतात, पण नियमातले तिसरे कारण, न्यायालयाची स्वतःची गरज, पुरेसे लवचीक आहे.

खटला खालच्या न्यायालयाकडे फेरनिर्णयासाठी परत पाठवणे, हाही तक्रारीचा विषय आहे. तसे करण्याचा अधिकार नियम २३ आणि २३-अ मध्ये आहे. एखाद्याच मुद्द्याचा निष्कर्ष मागवून अपील आपल्याकडेच ठेवण्याची सोय नियम २५ मध्ये आहे. संपूर्ण खटला परत पाठवल्याने पक्षकार पुन्हा सुरुवातीला जातो, म्हणून तो शेवटचा उपाय असावा, असे वरिष्ठ न्यायालये सांगत आली आहेत.

अपील लांबले की माणसे जातात. पक्षकार वारला तर ९० दिवसांत वारस लावावे लागतात, नाहीतर अपील त्याच्यापुरते आपोआप संपते. ते पुन्हा जिवंत करायला आणखी ६० दिवसांची मुदत आणि गरज पडल्यास विलंबमाफी आहे. आपला अशील वारल्याचे न्यायालयाला कळवणे हे वकिलाचे कर्तव्य आहे. मोठ्या कुटुंबाच्या वाटणीत ही तांत्रिक बाब अनेकदा मूळ वादाइतकी जड होते.

वाटणीचे दावे: दोन हुकूमनामे, अनेक अपिले

वाटणीच्या दाव्यात आधी प्राथमिक हुकूमनामा होतो, तो कोणाचा किती हिस्सा हे ठरवतो. नंतर अंतिम हुकूमनामा होतो आणि त्याने प्रत्यक्ष सरस-निरस वाटप होते. कलम ९७ चा नियम कडक आहे. प्राथमिक हुकूमनाम्यावर अपील केले नाही, तर अंतिम हुकूमनाम्याच्या अपिलात हिश्श्यांचा वाद काढता येत नाही. ‘शेवटचा निकाल लागू दे, मग एकदमच अपील करू’ असे ठरवणारे येथेच फसतात.

मैसूरमध्ये या विषयाला स्त्रियांच्या हक्कांचा जुना धागा आहे. संस्थानाने १९३३ मध्येच हिंदू स्त्रियांच्या हक्कांचा कायदा केला होता. कर्नाटकाने १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध हिस्सा दिला, त्याच वर्षी महाराष्ट्रानेही, आणि २००५ मध्ये केंद्राने. मग प्रश्न आला की अपील चालू असताना किंवा प्राथमिक हुकूमनाम्यानंतर कायदा बदलला तर मुलीला लाभ मिळतो का? कर्नाटकातून गेलेल्या प्रेमा विरुद्ध नंजे गौडा या २०११ च्या प्रकरणात प्राथमिक हुकूमनामा दुरुस्तीपूर्वीचा होता आणि अपिलातही तो कायम राहिला होता. तरीही अंतिम हुकूमनामा होईपर्यंत दावा संपलेला नसतो, म्हणून हिस्सा बदलता येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले. २०२० च्या विनीता शर्मा निकालाने, वडील २००५ च्या दुरुस्तीच्या दिवशी हयात असण्याची अट काढून टाकली.

हक्काच्या दृष्टीने ही मोठी प्रगती आहे. प्रक्रियेच्या दृष्टीने तिने एक अडचण पुढे आणली: प्राथमिक आणि अंतिम हुकूमनाम्यांत दशके गेली तर दावा तितकी वर्षे उघडा राहतो. म्हणूनच २०२२ मध्ये केरळच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की प्राथमिक हुकूमनाम्यानंतर वेगळ्या अर्जाची वाट न पाहता न्यायालयाने स्वतःहून पुढची कार्यवाही सुरू करावी. प्राथमिक हुकूमनामा अपिलात असताना खाली वाटप थांबवावे की चालू ठेवावे, हे मात्र प्रत्येक प्रकरणात स्थगितीच्या अर्जावर ठरते.

दुसरे अपील: ठेवावे की आटोपावे

१९०८ च्या मूळ कलम १०० मध्येही दुसरे अपील वस्तुस्थितीवर नव्हते. प्रिव्ही कौन्सिलने १८९० मध्येच सांगितले होते की वस्तुस्थितीवरची चूक कितीही मोठी असली तरी ती दुसऱ्या अपिलाचा आधार होत नाही. तरी व्यवहारात उच्च न्यायालये पुरावा पुन्हा तपासत राहिली. १९७३ च्या विधी आयोगाच्या ५४ व्या अहवालानंतर १९७६ ची दुरुस्ती झाली. आता अपिलात महत्त्वाचा कायदेशीर प्रश्न असावा लागतो, तो उच्च न्यायालयाने शब्दबद्ध करावा लागतो आणि सुनावणी त्यावरच होते. ‘महत्त्वाचा’ कशाला म्हणावे याची कसोटी मुंबईहून गेलेल्या चुनीलाल मेहता विरुद्ध सेंच्युरी स्पिनिंग या १९६२ च्या निकालात आहे: प्रश्न सार्वजनिक महत्त्वाचा असावा किंवा पक्षकारांच्या हक्कांवर थेट परिणाम करणारा असावा, आणि तो आधीच्या निर्णयांनी पक्का सुटलेला नसावा. महाराष्ट्रातल्या कोंडिबा कदम प्रकरणात १९९९ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले की पहिल्या अपिलातला निष्कर्ष पुराव्याशिवाय किंवा कायद्याच्या विरोधात असल्याशिवाय उच्च न्यायालय आपले मत त्याजागी ठेवू शकत नाही. पैशाच्या वसुलीचा मूळ दावा २५,००० रुपयांपर्यंतचा असेल तर दुसरे अपीलच नाही.

एक मत असे की दुसरे अपील आणखी कमी करावे. दोन न्यायालयांनी तपासल्यावर तिसऱ्याची गरज नाही. उच्च न्यायालयाचा वेळ जुन्या बांधावर आणि भिंतीवर जाऊ नये. दुसरे मत असे की पहिल्या अपिलाचा दर्जा सर्वत्र सारखा नाही. जिथे तो कमी पडतो तिथे उच्च न्यायालय हीच एकमेव हमी, आणि ती काढली तर गरीब पक्षकाराचे नुकसान होईल. तिसरे मत मधले आहे. अडथळा दाराशीच असावा, प्रश्न नसेल तर अपील सुरुवातीलाच थोडक्यात कारण देऊन निकाली काढावे आणि वर्षानुवर्षे दाखल करून ठेवू नये.

देशभर स्थिती एकसारखीही नाही. २०१६ च्या पंकजाक्षी निकालात घटनापीठाने पंजाबच्या न्यायालय कायद्यातले दुसऱ्या अपिलाचे जुने, अधिक सैल कलम वैध ठरवले. एकाच स्वरूपाच्या वादाला लुधियानात आणि मैसूरमध्ये वेगळी कसोटी लागू शकते. हा फरक राहावा का, याचे उत्तर संसदेने दिलेले नाही.

सर्वोच्च न्यायालय आणि अंतराचा प्रश्न

पूर्वी घटनेच्या अनुच्छेद १३३ मध्ये रकमेची अट होती. १९७२ च्या तिसाव्या घटनादुरुस्तीने ती गेली आणि उच्च न्यायालयाचे प्रमाणपत्र लागेल असे ठरले. आज बहुसंख्य पक्षकार अनुच्छेद १३६ खाली विशेष अनुमती याचिका करतात. तिची मुदत सर्वसाधारणपणे ९० दिवस. ती अपिलाचा हक्क नाही, न्यायालयाची विवेकाधीन परवानगी आहे.

याचिका एका ओळीत फेटाळली गेली तर काय? मैसूरच्या शेजारच्या कोळ्ळेगालच्या श्री महादेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या प्रकरणात २०१९ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने याची उकल केली. अनुमतीच नाकारली असेल तर उच्च न्यायालयाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात विलीन होत नाही, त्यामुळे उच्च न्यायालयात पुनर्विलोकनाचा अर्ज करता येतो. अनुमती मिळून अपिलात निकाल लागला तर मात्र विलीनीकरण होते आणि तो रस्ता बंद होतो.

अंतराचा वाद जुना आहे. बेळगाव भागातला पक्षकार २००८ पासून धारवाडच्या पीठात जातो. ते पीठ आणि कलबुर्गीचे पीठ २०१३ मध्ये कायम झाले. महाराष्ट्रात कोल्हापूरचे सर्किट बेंच ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झाले आणि सहा जिल्ह्यांना मुंबईच्या फेऱ्यांतून मोकळीक मिळाली. मैसूर मात्र बेंगळुरूच्या मुख्य पीठाखालीच आहे, सुमारे १४५ किलोमीटर दूर.

सर्वोच्च न्यायालयाच्या पातळीवर हाच प्रश्न राष्ट्रीय अपील न्यायालयाच्या रूपाने येतो. १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही कल्पना इष्ट म्हटली होती. २००९ च्या विधी आयोगाच्या २२९ व्या अहवालाने दिल्ली, चेन्नई किंवा हैदराबाद, कोलकाता आणि मुंबई अशी चार अपील पीठे सुचवली. २०१६ मध्ये हा विषय घटनापीठाकडे सोपवला गेला, तेव्हा केंद्र सरकारची भूमिका विरोधाची होती. समर्थकांच्या मते दूरच्या पक्षकाराला दिल्ली परवडत नाही आणि घटनात्मक प्रश्नांसाठी सर्वोच्च न्यायालय मोकळे हवे. विरोधकांच्या मते एक पायरी वाढली की खर्च आणि काळही वाढतो आणि न्यायालयाची एकसंधता सैल होते.

काय अनिर्णित आहे

विलंबमाफीची रेषा, स्थगितीच्या काळातल्या भरपाईची पद्धत, दुसऱ्या अपिलाची राज्याराज्यांतली वेगळी कसोटी आणि अपील न्यायालयांचा भूगोल हे चार प्रश्न खुले आहेत. पाचवा भाषेचा. मैसूरच्या खालच्या न्यायालयाची भाषा कन्नड आहे, पण अनुच्छेद ३४८ प्रमाणे उच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. अपील वर गेले की साक्षी आणि दस्त भाषांतरित करावे लागतात. त्याचा खर्च आणि भाषांतराच्या अचूकतेची जबाबदारी बहुतांशी पक्षकारावर आहे. मराठी घरातल्या मोडी कागदाला तर दोन भाषांतून जावे लागते. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि अल्प उत्पन्नाचे लोक यांना अपिलातही मोफत वकील मिळू शकतो. भाषांतराच्या खर्चाकडे त्यात किती लक्ष जाते, हे तपासण्यासारखे आहे.

हे सगळे वाद एकत्र ठेवले की एक असमतोल दिसतो. अहवाल, घटनापीठे आणि दुरुस्त्या यांचे लक्ष वरच्या पायऱ्यांवर राहिले: दुसरे अपील, पीठांची ठिकाणे, राष्ट्रीय अपील न्यायालय. बहुसंख्य पक्षकार त्या पायऱ्यांपर्यंत पोचत नाहीत. त्यांचे दुकान, घर आणि हिस्सा पहिल्या अपिलात ठरतो, कारण साक्षीपुराव्याकडे मोकळेपणाने पाहणारे शेवटचे न्यायालय तेच. १९७६ नंतर वरचे दार जितके अरुंद झाले, तितकी या पायरीची जबाबदारी वाढली. वाणिज्य वादांच्या अपिलाला कायद्याने सहा महिन्यांचे उद्दिष्ट दिले आहे, मोहल्ल्यातल्या वाटणीच्या पहिल्या अपिलाला संहितेत तसे उद्दिष्ट नाही. पुढच्या सुधारणेची चर्चा इथून सुरू व्हायला हवी. पहिले अपील ऐकणाऱ्या न्यायाधीशाकडे किती प्रकरणे असावीत, निकालाची नक्कल किती दिवसांत मिळावी, वारस लावण्याची आणि भाषांतराची जबाबदारी कोणी घ्यावी आणि किती काळात निकाल व्हावा, हे प्रश्न घटनापीठापुढे नेण्याची गरज नाही. राज्य सरकार आणि उच्च न्यायालय मिळून त्यांची उत्तरे देऊ शकतात, आणि ती मिळाली तर वरच्या पायऱ्यांवरचा भारही हलका होईल.